युरोला शंभराने गुणण्याआधी: बडोद्यातली चांगली नोकरी सोडावी का, हे ठरवण्याची रीत

घरात परदेशातल्या नोकरीचा विषय निघाला की पहिला अर्धा तास गुणाकारात जातो. साठ हजार युरो गुणिले शंभर म्हणजे साठ लाख! मग कोयलीची रिफायनरी असो, मकरपुऱ्यातला कारखाना असो की वाघोडिया रोडवरचे डिझाइन ऑफिस, इथला अठरा लाखांचा पगार एकदम केविलवाणा वाटू लागतो. सेव-उसळीच्या गाडीवर भेटलेला मित्र सांगतो तो आकडाही नेहमी ग्रॉसच असतो. त्यातून कर किती गेला आणि घरभाडे किती, हे तो सांगत नाही, कारण त्याला कोणी विचारत नाही.

हा लेख त्या पुढच्या प्रश्नांसाठी आहे. चाळिशीच्या अलीकडचे, दहा-पंधरा वर्षे अनुभवाचे, जोडीदारही कमावता, मुले शाळेत, आई-वडील याच गावात, असे घर डोळ्यांसमोर ठेवले आहे. अविवाहित पंचविशीतल्याला यातला निम्मा भाग लागू नाही. त्याचे गणित सोपे आहे आणि चुकले तरी फार बिघडत नाही.

आधी कारण लिहा, एकाच ओळीत

कागदावर एक ओळ लिहा: मी जातोय कारण. "कारण" नंतर तीन गोष्टी आल्या तर अजून ठरलेले नाही असे समजा. कारण पैसा असेल तर आखाती देश आधी पाहावेत, मुलांचे कायमचे बस्तान बसवायचे असेल तर जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. कामाचा दर्जा हे कारण असेल तर देशापेक्षा कंपनी आणि टीम महत्त्वाची. आणि मनातले खरे कारण साहेब असेल, तर आधी बडोद्यात, अहमदाबादेत किंवा पुण्यात नोकरी बदलून पाहावी. साहेबाला कंटाळून देश बदलणे हा सर्वात महागडा उपाय आहे, शिवाय साहेब तिथेही असतात.

शिल्लक मोजा, पगार नव्हे

तुलना पगाराची करायची नाही. महिनाअखेर दोन्हीकडे किती उरते, त्याची करायची. एक नमुना मांडून दाखवतो. आकडे तुमचे घाला, पण रकाने हेच ठेवा.

समजा नवरा प्रोसेस इंजिनिअर आहे आणि सीटीसी, म्हणजे कंपनीला त्याच्यावर पडणारा वर्षाचा एकूण खर्च, १८ लाख, त्यात बेसिक ९ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १ लाख ८ हजार आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ४३ हजार, हे दोन्ही सीटीसीतच धरलेले असतात. ते वजा केले की ग्रॉस साडेसोळा लाखांच्या आसपास येतो. नव्या करप्रणालीत, २०२५-२६ च्या दरांनी, ७५ हजारांची प्रमाणित वजावट घेऊन कर सुमारे १ लाख २१ हजार होतो. स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर गेल्यावर हातात महिना साधारण १ लाख १८ हजार पडतात. बायको शिक्षिका, तिचे ४५ हजार. घरात आले १ लाख ६३ हजार.

आता खर्च. मांजलपूरच्या फ्लॅटचा हप्ता ३२ हजार, किराणा-लाइट-पेट्रोलसह घरखर्च ४२ हजार, शाळा आणि क्लास १६ हजार, दांडिया बाजारच्या जुन्या घरात राहणाऱ्या आई-वडिलांसाठी १२ हजार. एकूण १ लाख २ हजार. उरले ६१ हजार, आणि पीएफमध्ये दोन्ही बाजूंचे मिळून दरमहा १८ हजार जमा होतात ते वेगळे. म्हणजे बडोद्यातली खरी शिल्लक ७९ हजार.

आता जर्मनीची ६० हजार युरोची ऑफर. महिन्याचे ५,००० युरो ग्रॉस. त्यातून पेन्शन ९.३ टक्के, बेरोजगारी विमा १.३ टक्के, आरोग्य विमा साडेआठ टक्क्यांच्या आसपास, शुश्रूषा विमा दीड टक्का. हे सगळे मिळून हजार युरोंच्या वर जाते. जोडीदार कमावत नसेल तर करवर्ग तीन मिळतो आणि प्राप्तिकर बराच कमी, सव्वाचारशे युरोंच्या आसपास लागतो. हातात सुमारे ३,५४० युरो. दोन मुलांचा सरकारी भत्ता २०२५ च्या दराने ५१० युरो. घरात आले ४,०५०.

मध्यम आकाराच्या शहरात तीन खोल्यांच्या घराचे हीटिंग-पाण्यासह भाडे १,४०० धरा. जाहिरातीत "काल्टमिटे" लिहिलेले असते ते नुसत्या घराचे भाडे. खिशातून जाते ते "वार्ममिटे". पहिल्या वर्षी फसगत होते ती बहुतेक इथेच. किराणा ७००, वीज-फोन-इंटरनेट आणि प्रत्येक घराला सक्तीचे असलेले १८.३६ युरोंचे रेडिओ-टीव्ही शुल्क धरून १५०, प्रवासाचे पास १३०, कपडे-औषधे-किरकोळ विमे ३००. चौघांनी वर्षातून एकदा घरी यायचे तर तिकिटांचे महिन्याला २७० बाजूला पडतात. एकूण २,९५०. शिवाय बडोद्याचा हप्ता थांबत नाही, आणि आई-वडिलांसाठी आता १२ नव्हे, २५ हजार लागतात, कारण जी कामे तुम्ही फुकट करत होता त्यांना आता माणूस ठेवावा लागतो. हे ५७ हजार म्हणजे, हिशेबापुरता एक युरो शंभर रुपये धरला तर, ५७० युरो.

उरले ५३० युरो. त्रेपन्न हजार रुपये.

साठ लाखांच्या नोकरीत बडोद्यापेक्षा २६ हजार कमी उरतात! पगार वाईट आहे म्हणून नव्हे, तर घरातला दुसरा पगार गेला म्हणून. बायकोने वर्षभरानंतर अर्धवेळ काम धरून हातात हजार युरो आणले की शिल्लक दीड लाखावर जाते आणि चित्र उलटे होते. थोडक्यात, सबंध निर्णय जोडीदाराच्या नोकरीवर टेकलेला आहे, ऑफर लेटरवर नाही. जर्मन पेन्शनमध्ये तुमचे आणि कंपनीचे मिळून दरमहा ९३० युरो जमा होतात हे खरे. पण ६० महिने भरल्याशिवाय पेन्शनचा हक्क लागत नाही आणि ती मिळते सदुसष्टाव्या वर्षी. ते पैसे वेगळ्या रकान्यात लिहा, शिल्लकीत नको.

याला जोडून बस्तान बसवण्याचा एकदाचा खर्च. घराची अनामत तीन महिन्यांच्या काल्टमिटेपर्यंत, म्हणजे साधारण ३,३०० युरो. पहिला महिना फर्निचरसह तात्पुरती जागा १,८००. फर्निचर आणि स्वयंपाकघर ४,०००. भाड्याच्या घरात ओटा, सिंक, कपाटे नसणे तिथे सर्रास आहे, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले असतात. एकमार्गी तिकिटे १,६००, व्हिसा आणि कागदपत्रे ७००, पहिला पगार होईपर्यंतचा खर्च १,४००. बेरीज १२,८००, म्हणजे पावणेतेरा लाखांच्या पुढेच. पहिल्या वर्षाची दरमहा २६ हजारांची तूट, म्हणजे आणखी तीन लाख, त्यात मिळवा. जोडीदाराची कमाई सुरू झाल्यावर दरमहा ७४ हजार जास्त उरतात असे धरले, तर सगळे भरून निघायला निघाल्यापासून पावणेतीन वर्षे लागतात. तीन वर्षांच्या आत परत यायचा विचार असेल तर पैशासाठी जर्मनी नको.

हे गणित खरे वाटत नसेल तर एक सोपी चाचणी आहे. तीन महिने बायकोचा सगळा पगार वेगळ्या खात्यात टाका, हात लावू नका, आणि घर एका पगारावर चालवून पाहा. दुसऱ्या महिन्यात घरात जे संवाद होतील तेच तिथे पहिल्या थंडीत होणार आहेत. इथे ते निदान मातृभाषेच्या शेजारात होतात.

राहण्याचा हक्क कशाला बांधलेला आहे?

ऑफर लेटर वाचून झाल्यावर दुसरा प्रश्न: नोकरी गेली तर किती दिवस राहता येईल?

आखातात हक्क नोकरीला बांधलेला असतो. पगारावर प्राप्तिकर नाही, म्हणून शिल्लक चांगली दिसते. बडोद्याच्या रिफायनरी आणि पेट्रोकेमिकलमधली माणसे तिकडे जातात ती याचसाठी, आणि त्यात चूक काही नाही. पण बेसिक आणि भत्ते यांची फोड बघा. अमिरातीत सेवाअंती मिळणारी रक्कम बेसिकवर मोजतात: पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचे. १८ हजार दिरहमच्या पॅकेजमध्ये बेसिक १० हजार असेल तर वर्षाला ७,००० दिरहम साठतात, ६ हजारच असेल तर ४,२००. पॅकेज तेच, हातात येणार कमी. घर आणि मुलांची शाळा कंपनी देते की तुम्ही, हे लेखी हवे. तिथे आपल्या मुलांना खासगी शाळाच धरावी लागते. "फॅमिली स्टेटस" (कुटुंब नेता येते) आहे की "बॅचलर" (एकट्याने राहायचे), हेही विचारा, कारण साइटच्या नोकऱ्यांत बऱ्याचदा दुसरे निघते. आणि विमानात बसण्यापूर्वी इथे सही केलेली ऑफर आणि तिथे नोंदला जाणारा करार ओळीगणिक ताडून पाहा.

जर्मनीत ब्लू कार्डसाठी, म्हणजे पदवीधरांच्या नोकरी-परवान्यासाठी, २०२६ मध्ये वर्षाला किमान ५०,७०० युरो पगार लागतो, तुटवड्याच्या व्यवसायांत ४५,९३४.२० युरो. पदवी मान्य आहे का हे "अनाबिन" या सरकारी सूचीत स्वतः तपासा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ शोधून झाले की नुसते विद्यापीठ नाही, आपली पदवीही पाहावी. ब्लू कार्डावर २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांनीच, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. सहा महिने वाचवणारा हा बी१ स्वस्तात पडत नाही: पंचेचाळीस मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात असा गोएथे संस्थेचा अंदाज आहे. रोज एक तास धरला तरी वर्ष-दीड वर्ष. म्हणून इथूनच सुरुवात करावी, निदान त्याखालची ए२ पातळी पदरात पाडून निघावे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्यासाठी (पीआर) गुणांचा खेळ आहे आणि त्यात वय सर्वात निर्दय. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या अर्जपद्धतीत जोडीदारासह अर्ज करणाऱ्याला २९ वर्षांपर्यंत वयाचे १०० गुण, पस्तिशीत ७०, चाळिशीत ४५, पंचेचाळिशीत शून्य. नोकरीच्या ऑफरचे जादा गुण मार्च २०२५ पासून बंद झाले. तेव्हा "ऑफर विकत घ्या, पीआर नक्की" असे सांगणारा एजंट जुनाच धडा वाचतोय. ऑस्ट्रेलियात २५ ते ३२ ला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५, ४० ते ४४ ला १५, आणि पंचेचाळिशीनंतर दार बंद. इंजिनिअरांना तिथे बहुतेक वेळा तीन प्रकल्पांवर प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्दांचे निवेदन लिहून कौशल्य तपासून घ्यावे लागते. ते दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. नक्कल पकडली जाते आणि बंदी येते.

या दोन देशांचा एक फरक लक्षात ठेवा. पीआर हातात पडते, नोकरी पडत नाही. बडोद्यातली चांगली नोकरी सोडून तिथे पहिले आठ-दहा महिने गोदामात काढण्याची तयारी आहे का, हे त्याच वेळी घरात बोलून घ्यावे. कॅनडाची पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावे लागते, म्हणजे "कार्ड घेऊन परत येऊ, मग बघू" हेही फार लांबवता येत नाही.

जोडीदार, मुले आणि पहिले सहा महिने

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्यापूर्वी जर्मन परीक्षेची अट नाही आणि काम करायलाही मोकळीक असते. पण मोकळीक असणे वेगळे आणि काम मिळणे वेगळे. सॉफ्टवेअर, अकाउंट्स, डिझाइन यात इंग्रजीवर थोडेफार भागते. शिक्षिका, नर्स, फार्मासिस्ट, वकील यांना पात्रतेची मान्यता आणि वरच्या पातळीची भाषा लागते. सरकारी शाळेत शिकवणे हे बी.एड. दाखवून होणारे काम नाही. जोडीदाराने आपल्या क्षेत्रातल्या दहा जाहिराती स्वतः वाचाव्यात आणि किती ठिकाणी भाषेची अट आहे ते मोजावे. दहापैकी आठ ठिकाणी असेल तर वरच्या गणितातल्या "वर्षभरानंतर" ऐवजी "अडीच वर्षांनंतर" लिहा आणि बेरीज पुन्हा करा.

मुलांच्या बाबतीत वय हीच मुख्य गोष्ट. आठ-नऊ वर्षांपर्यंतची मुले भाषा उचलतात. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते, तेव्हा त्याआधी दोन वर्षे तिथे मिळणे चांगले. नववी-दहावीतल्या मुलाला उचलून नेणे हा सर्वात वाईट मुहूर्त. परत आणायचे झाले तर आणखी पंचाईत, कारण गुजरातेत वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून केली हे पाहिले जाते. मुलगी आठवीच्या पुढे गेली असेल तर बारावी होईपर्यंत थांबा किंवा एकट्याने जा.

तसेही पहिले सहा महिने एकट्यानेच जावे असे आमचे मत आहे. जर्मनीत नोकरीचा परीक्षाकाळ (प्रोबेशन) सहा महिन्यांपर्यंत असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कोणीही कोणाला सोडू शकते. तेवढ्या काळात बायकोने नोकरी सोडू नये, निघतानाही राजीनामा न देता बिनपगारी रजा मागावी. तिने आणि मुलांनी शाळेचे सत्र पूर्ण करून एप्रिल-मेमध्ये निघावे. दोन घरांचा खर्च होतो, पण तो विम्याचा हप्ता समजावा. नोकरी तिची चालून आली असेल तर हेच सगळे नवऱ्याला लागू. नवऱ्याची रजा मागताना घरातले थोडे जास्त बोलतील, एवढाच फरक.

आई-वडील

यावर भावनेने खूप बोलले जाते आणि कामाचे कमी. कामाचे पहिले: तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील असतील तर राजीनाम्याबरोबर त्यांचे संरक्षण संपते. म्हणून त्यांची स्वतंत्र पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण अर्ज शेवटच्या दिवसापूर्वी जायला हवा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न न पाहता आयुष्मानचे ५ लाखांचे कार्ड मिळते, ते काढून ठेवा आणि जवळचे कोणते हॉस्पिटल ते घेते हे फोन करून विचारा.

दुसरे, रात्री दोन वाजता कोण जाईल? "सगळे आहेत" हे उत्तर नव्हे. एक नाव, त्याचा नंबर, घराची दुसरी किल्ली आणि लाखभर रुपये असलेले, त्या माणसाला वापरता येईल असे खाते, इतके हवे. तुम्ही स्वतः निघालात तरी युरोपातून मुंबई किंवा अहमदाबादमार्गे दारात यायला वीस तास धरा.

कागद: घोटाळा नावापासून सुरू होतो

बडोद्यातल्या मराठी घरांत ही अडचण ठरलेली. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. जन्मदाखला गुजरातीत, कधी त्यावर बाळाचे नावच नसते. लग्नात बायकोचे नावही बदललेले असेल तर एकाच बाईची तीन कागदांवर तीन नावे. परदेशी कारकुनाला ही तीन माणसे वाटतात. म्हणून सगळे कागद टेबलावर मांडा, प्रत्येकावरचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः उतरवून घ्या आणि पासपोर्टला प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करायला लागा. जन्मदाखला इंग्रजीत करून घेणे आणि लग्नाची नोंदणी ही महानगरपालिकेची कामे आधी उरका. लग्नपत्रिका आणि अल्बम हा पुरावा होत नाही.

विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्टच्या (सगळ्या वर्षांचे विषय आणि गुण एकत्र दाखवणारा कागद) एकाऐवजी चार-पाच सीलबंद प्रती घ्या. अनुभवाचे पत्र नोकरीत असतानाच मागा, कारण बाहेर पडल्यावर एचआर दोन ओळींचे पत्र देते, आणि गुण मोजणाऱ्याला पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचे स्वरूप असे सगळे लागते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातूनच मिळते, पण ते फार आधी काढू नये, त्याची मुदत संपते. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे चालतो. पदवीला ॲपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी साक्षांकन) लागते की दूतावासाचा शिक्का, हे देशावर आहे: सौदीला डिसेंबर २०२२ पासून आणि कॅनडाला जानेवारी २०२४ पासून ॲपोस्टिल चालते, अमिरातीसाठी दूतावासाची लांबची वाट धरावी लागते.

एजंटाबद्दल थोडक्यात. परदेशी नोकरी लावून देणारा १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला हवा. त्याचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते आणि त्याला ३० हजार रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या सल्लागारांना तिथल्या नियामकांचा नोंदणी क्रमांक असतो, तो स्वतः तपासा. दुकानाची काच आणि झेंडे पाहून ठरवू नका. "पीआर गॅरंटी" हे शब्द ऐकले की चहा संपवून उठावे.

राजीनामा कधी द्यायचा

ऑफर आल्यावर नव्हे, व्हिसा पासपोर्टवर लागल्यावर. इथली नोटीस ९० दिवसांची आणि तिकडचा माणूस म्हणतो सहा आठवड्यांत या. हा पेच करारावर सही करताना सोडवायचा, नंतर नाही. "व्हिसा मिळाल्यापासून १०० दिवसांनी रुजू" अशी ओळ मागितली तर गरजू कंपनी सहसा देते. जी देत नाही ती आणखी कशाकशात घाई करील याचा अंदाज येतो.

बाँड, म्हणजे ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर तो काढून वाचा. "बाँड कोर्टात टिकत नाही" हे कँटीनमधले ज्ञान आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षे सेवा किंवा २ लाख रुपये ही अट वैध धरली. सरकारी उपक्रमात असाल तर परदेशी नोकरीसाठी ना-हरकत आणि लांब बिनपगारी रजा यांचे नियम सेवानियमावलीत शोधा. पद राखून जाता आले तर त्यासारखे काही नाही.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघा. ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे पूर्ण हवीत, थोडे महिने कमी पडत असतील तर थांबा. वरच्या नमुन्यात बेसिक ७५ हजार आणि सेवा १४ वर्षे असल्यास ७५,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले १४, म्हणजे सहा लाखांच्या वर. बोनस मार्च-एप्रिलमध्ये असेल तर जानेवारीत राजीनामा देऊ नये. आणि तिसरी, जी बहुतेक जण विसरतात: आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले की त्या वर्षी तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी, आणि परदेशातला पगारही इथल्या विवरणात दाखवावा लागतो. १ एप्रिलपासून मोजले तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. नोकरीसाठी निघणाऱ्याने त्याच्या आठवडाभर आधी विमान पकडावे. दुबईला जाणाऱ्याला तर हे फार लागते, कारण तिथे कर भरलेला नसतो, त्यामुळे इथे वजावट मिळवायला काही नसते.

इथला पैसा

नोकरीसाठी परदेशी गेलात की परकीय चलन कायद्याने लगेच अनिवासी ठरता. साधे बचत खाते चालू ठेवणे नियमबाह्य, ते एनआरओ (अनिवासींचे, इथल्या उत्पन्नासाठीचे) करा. तिकडची कमाई एनआरई खात्यात. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, वाढवता येत नाही आणि नवे उघडता येत नाही. पीएफ पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढला तर करपात्र. कायमचे गेलात आणि ३६ महिन्यांत मागणी केली नाही तर खाते निष्क्रिय होऊन व्याज थांबते. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षे झाली असतील तर पैसे काढायचा प्रश्नच नाही, योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

फ्लॅट पहिले वर्ष विकू नका, शक्य असेल तर भाड्यानेही देऊ नका. दिलात तर भाडेकरूने ३१.२ टक्के कर कापायचा असतो, आणि हे त्याला आधी सांगितले नाही तर वर्षअखेरीला वाद होतो. गावाकडे सातबाऱ्यावर नाव असेल तर ते राहते, वारशानेही येते, पण अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. मुखत्यारपत्र करायचे तर ठरावीक कामांपुरते, नोंदणी करून, निघण्यापूर्वी. सगळे अधिकार देणारे मुखत्यारपत्र सख्ख्या भावालाही देऊ नये, दोघांच्याही भल्यासाठी.

परतीची रेघ

हे सगळे झाल्यावर, तिकीट काढण्यापूर्वी, दोघांनी मिळून एक पान लिहायचे: कोणत्या तारखेला काय झालेले नसेल तर परत यायचे. "बघू, नाही जमले तर येऊ" यात तारीख नसते, म्हणून कोणी येत नाही आणि कोणी धड राहतही नाही. नमुना: सहाव्या महिन्यात परीक्षाकाळ संपला नाही तर कुटुंब हलणार नाही. अठराव्या महिन्यात जोडीदाराचा बी१ नाही किंवा काम नाही, तर शिल्लक पुन्हा मोजायची. चोविसाव्या महिन्यात शिल्लक बडोद्याच्या ७९ हजारांपेक्षा कमी असेल तर परतीची तयारी. आई-वडिलांपैकी एक जण एकटा राहिला, तर तीन महिन्यांत नव्याने बसून ठरवायचे. परतीसाठी चार तिकिटे आणि बडोद्यातला सहा महिन्यांचा खर्च, नमुन्यातल्या घराला साधारण आठ लाख, वेगळ्या मुदतठेवीत. त्याला फर्निचरसाठी हात लावायचा नाही.

जुन्या कंपनीतल्या दोन-तीन वरिष्ठांशी वर्षातून एकदा तरी बोलत राहा, दिवाळीचा निरोप पुरतो. चाळिशीनंतर परतणाऱ्याला बडोद्यात नोकरी जाहिरातीतून क्वचितच मिळते, ओळखीतूनच मिळते.

पानावर दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत दांडिया बाजारच्या घरात आईच्या कपाटात ठेवा. चोविसाव्या महिन्यात ते फोनवर वाचून दाखवायला कोणीतरी लागेल.